छावणीतल्या मुलांचे शिक्षण : महू-इंदूर परिसराची पार्श्वभूमी

फौजेबरोबर कुटुंबाने फिरण्याची रीत माळव्यात इंग्रजांच्याही आधीची आहे. मराठी फौजा उत्तरेत उतरत तेव्हा त्यांच्या मागोमाग बाजार, बुणगे आणि बायका-मुले असा सारा पसारा चालत असे, आणि १७६१ साली पानिपतावर हाच पसारा फौजेला भोवला. तरीही त्या व्यवस्थेत मूल आपल्या माणसांपासून व भाषेपासून तुटत नसे, कारण मुक्काम हलला की सारा गोतावळाच सोबत हलत असे. ग्वाल्हेर शहराचा ‘लष्कर’ हा भाग तर १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या तळातूनच वाढला आणि तिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली.

आज आपण ओळखतो ती छावणी त्यानंतरची. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर महू येथे इंग्रजांनी ठाणे वसवले. येथे पलटणी येत आणि हुकूम येताच पुढे निघून जात.

याच छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. घराणे कोकणातल्या आंबडव्याचे. आजोबा मालोजी सैन्यात होते आणि वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत आधी शिक्षक व पुढे मुख्याध्यापक होते. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला, तेथून साताऱ्याला आणि नंतर मुंबईला गेले. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना वेगळे बसावे लागले आणि पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागली. बाबासाहेबांच्या चरित्रात महूचा उल्लेख अनेकदा जन्मस्थानापुरताच उरतो, हे मला अपुरे वाटते. रामजींच्या घरातील विद्येची ओढ लष्करी शाळेने जोपासलेली होती आणि त्या छावणीबाहेर पाऊल पडताच समाजाने काय वाढून ठेवले होते, हे त्या स्थलांतराकडे पाहिल्यावाचून कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या. ग्वाल्हेरची एक पायदळ पलटण कुमाऊं रेजिमेंटची १४ वी पलटण (१४ कुमाऊं) झाली, इंदूरची १५ कुमाऊं. एरवी संस्थानाच्या आसपास नांदणारी शिपायांची घरे अशा रीतीने देशभरच्या बदल्यांच्या चक्रात आली. वडिलांची नेमणूक सीमेवर झाली की कुटुंबाला सोबत नेता येत नसे. मग आई मुलांना घेऊन सासरी तरी राहायची किंवा एखाद्या ठाण्यातल्या क्वार्टरमध्ये. काळ्या लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि नंबर, शिवाय जुन्या ठाण्याचे नाव खोडून खाली रंगवलेले नवे नाव, अशा ट्रंका फौजी घरांतून आजही दिसतात. सामान असे हलवता येई, पण शाळा बदलली की पुस्तके, माध्यम आणि परीक्षा मंडळ हे सारेच बदले, आणि वर्षाच्या मध्यावर दाखला घेऊन आलेल्या मुलाला नव्या वर्गात पुन्हा पहिल्यापासून जुळवून घ्यावे लागे.

या अडचणीची सरकारी दखल बऱ्याच उशिरा घेतली गेली. बदलीच्या नोकरीत असलेल्यांच्या मुलांसाठी देशभर समान अभ्यासक्रम असावा, ही दुसऱ्या वेतन आयोगाची शिफारस होती. १९६२ साली योजना मंजूर झाली, १९६३ मध्ये पलटणींच्या वीस शाळा ‘सेंट्रल स्कूल’ म्हणून चालू झाल्या आणि १९६५ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेची नोंदणी झाली. आर्मी पब्लिक स्कूल चालवणारी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी १९८३ सालची.

यामुळे पठाणकोटहून महूला आलेल्या मुलाला तेच पुस्तक पुढे चालू ठेवता येऊ लागले, आणि हे काम मोठेच झाले. मात्र या शाळांचा भर हिंदी, इंग्रजी व संस्कृत या भाषांवर राहिला. इंदूरच्या मराठी घरातील फौजी मुले मराठी उत्तम बोलतात. तिचे लेखन-वाचन उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबा जेवढे शिकवतील तेवढेच होते, कारण बदलीवरच्या मुलाच्या मातृभाषेची सोय त्या मूळ योजनेच्या विचारात फारशी नव्हतीच.