बॅरन बेट: 'निद्रिस्त' म्हणायचं किती दिवस?

'अंदमानातलं बॅरन बेट हा भारतातला निद्रिस्त ज्वालामुखी' हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्समधून वर्षानुवर्षं फिरतंय. कोणे एके काळी त्यात तथ्य होतं. 1787 मध्ये इथला पहिला उद्रेक नोंदला गेला, 1832 पर्यंत अधूनमधून धुमसणं चालू राहिलं आणि मग दीडशेहून अधिक वर्षं शांतता. वाक्य त्याच काळातलं, पुढे कुणी ते तपासलंच नाही.

1991 मध्ये ज्वालामुखी जागा झाला, लाव्हा थेट समुद्रापर्यंत वाहत गेला. 1994-95 मध्ये पुन्हा उद्रेक, 2005 पासून तर वारंवार. जानेवारी 2017 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच समुद्रतळाचे नमुने घेत होते. अचानक राख उसळू लागली, म्हणून त्यांनी जहाज साधारण मैलभर अंतरावर आणलं. पाच-दहा मिनिटांचे छोटे उद्रेक होत होते. दिवसा नुसते राखेचे लोट दिसले, सूर्य मावळल्यावर मात्र विवरातून लाल लाव्हाची कारंजी आणि उतारावरून ओघळणारे प्रवाह. याला झोप म्हणायचं तर जागेपण कसलं असेल!

गोंधळाचं आणखी एक कारण म्हणजे नारकोंडम. तेही अंदमानातलं ज्वालामुखीचं बेट, पण हिरवंगार आणि ऐतिहासिक काळात उद्रेकाची नोंद नसलेलं. 'निद्रिस्त' हे विशेषण शोभलंच तर त्याला.

आणि 2004 ची त्सुनामी बॅरनमुळे आली, हेही खोटं. ती सुमात्राजवळच्या समुद्राखालील भूकंपाने आली होती.