इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी

एकाच डेटाच्या रेप्लिका (प्रती) अनेक सर्व्हरवर ठेवणाऱ्या स्टोरेज सिस्टिममधलं एक ढिलं कन्सिस्टन्सी मॉडेल, म्हणजे रीडला कोणती व्हॅल्यू मिळू शकते याचा नियम. नवे राइट थांबले तर कधी ना कधी सगळ्या रेप्लिका एकाच व्हॅल्यूवर येतील एवढीच हमी मिळते, तोपर्यंत रीड करणाऱ्याला जुनं काहीही मिळू शकतं आणि किती वेळ लागेल ते मॉडेल सांगतच नाही. अगदी दुसऱ्या टोकाला लिनिअरायझेबिलिटी (हर्लिही आणि विंग, 1990), म्हणजे राइट पूर्ण झाला की पुढच्या प्रत्येक रीडला तो किंवा त्याहून नवाच दिसतो; मधे कॉझल (कारण आधी, परिणाम नंतर दिसेल एवढी हमी) वगैरे.

उगमाबद्दल मतं वेगळी आहेत. बरेच जण ॲमेझॉनच्या डायनॅमो या स्टोरेज सिस्टिमवरच्या पेपरला (2007) श्रेय देऊन टाकतात, पण त्याने मॉडेल गाजवलं एवढंच म्हणणं जास्त बरोबर वाटतं. झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रात टेरी आणि मंडळींनी बायू ही अशीच स्टोरेज सिस्टिम 1990 च्या दशकाच्या मध्यालाच केली होती, त्याआधी तिथेच डेमर्स वगैरेंनी 1987 मध्ये अपडेट गॉसिपसारखे पसरवायचे अल्गोरिदम मांडले. त्याहून मागे गेलं तर जॉन्सन आणि थॉमस यांचा आरएफसी 677 (नेटवर्कवरच्या तांत्रिक टिपणांच्या मालिकेतला एक, जानेवारी 1975) सापडतो, आणि त्यात कल्पना जवळपास पूर्ण आहे: प्रत्येक एंट्रीला टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद), नवा टाइमस्टॅम्प जिंकणार, बरोबरी झाली तर साइटच्या (रेप्लिका ठेवणाऱ्या ठिकाणांच्या) ठरलेल्या क्रमाने निकाल. डिलीट केलेली एंट्री लगेच पुसून चालत नाही, नाहीतर उशिरा आलेला जुना अपडेट तिला परत जिवंत करतो, हेही त्यांना तेव्हाच दिसलं होतं (डिलीटची अशी शिल्लक ठेवलेली खूण म्हणजेच आजचं टूमस्टोन).

टाइमस्टॅम्पवाली पद्धत, म्हणजे लास्ट राइट विन्स, सोपी आहे पण दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नसली की नंतरचा राइट गुपचूप हरवतो, एरर पण येत नाही. कॅसँड्रा हा डेटाबेस हीच वापरतो. डायनॅमोने व्हेक्टर क्लॉक (कोणता राइट आधीचा ते कळावं म्हणून प्रत्येक सर्व्हरच्या अपडेटची मोजणी) घेतलं, त्यात एकाच वेळचे दोन्ही राइट ठेवतात आणि मर्ज ॲप्लिकेशनच्या गळ्यात. सीआरडीटीमध्ये (कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप; शापिरो आणि इतर, 2011) मर्जचा नियम डेटा टाइपमध्येच असतो.

कोरमबद्दल (राइट किंवा रीडला किमान किती रेप्लिका लागतात ती संख्या) एक गैरसमज फार दिसतो. तीन रेप्लिका, दोनवर राइट, दोनवरून रीड, म्हणजे एक तरी सामायिक येणारच, म्हणून हे स्ट्राँग (नेहमी ताजीच व्हॅल्यू देणारं), असं सर्रास लिहितात. पण राइट अर्धवट पोचलेला असताना एका रीडला नवी व्हॅल्यू आणि त्यानंतरच्या रीडला जुनी मिळू शकते, आणि डायनॅमोसारखा स्लॉपी कोरम (ठरलेली रेप्लिका बंद असेल तर दुसऱ्याच सर्व्हरवर राइट घेणारा) असेल तर सामायिक रेप्लिकेचीही खात्री नाही.

सगळ्याच सिस्टिम इव्हेंच्युअलवर थांबत नाहीत: ॲमेझॉनची एस3 ही डेटा साठवायची सेवा डिसेंबर 2020 पासून स्ट्राँग रीड-आफ्टर-राइट (राइट झाला की लगेचच्या रीडला तोच) देते.