उत्स्फूर्त नाट्यखेळ (शिक्षणातील)

उत्स्फूर्त नाट्यखेळ : संहिता, पाठांतर व नेपथ्य यांवाचून, हाती आलेल्या सूचनेवर आयत्या वेळी उभे करायचे छोटे प्रसंग व गटखेळ. एकमेकांना सांभाळून घेणे आणि अडले तिथे वाट काढणे मुलांच्या अंगवळणी पडावे म्हणून शाळा-महाविद्यालयांत व नाट्यशिबिरांत ते घेतात. नाटकवाले यांना ‘इम्प्रोव्ह’ म्हणतात. चालू प्रयोगात नटाने पदरची वाक्ये घालणे, म्हणजे ‘ॲडिशन घेणे’, ही वेगळी गोष्ट. ॲडिशन एकट्याची आणि बहुधा टाळीसाठी असते. खेळातला बोल मात्र समोरच्याच्या बोलातूनच निघावा लागतो.

आजच्या स्वरूपातील खेळांची मांडणी व्हायोला स्पोलिन (१९०६–९४) यांची. शिकागोच्या हल हाउस या समाजसेवा केंद्रात गटखेळ शिकवणाऱ्या नेव्हा बॉइड यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. १९६३ मध्ये त्यांची पद्धत पुस्तकरूपाने आली. लंडनमध्ये व पुढे कॅनडातील कॅलगरी येथे कीथ जॉनस्टन (१९३३–२०२३) यांनी स्वतंत्रपणे असेच काम केले. इटलीतील सोळाव्या शतकापासूनच्या मुखवटानाट्यात या खेळांचे मूळ शोधणारेही आहेत. तथापि तेथील पात्रे ठरीव होती, त्यामुळे थेट वारसा मानणे अवघड आहे.

मराठीपुरते पाहता आयत्या वेळच्या भाषणाची चाल सांगलीच्या रंगभूमीवर आरंभापासून होती. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला. सूत्रधार झांज-मृदंगाच्या साथीने पदे म्हणे आणि त्यांचा आशय धरून पात्रे स्वतःच्या शब्दांत बोलत. राक्षस ‘अलल डुर्र’ करीत प्रवेश करीत. ही रीत कोठून आली यावर मतभेद आहेत. काहींच्या मते ती लळिते, दशावतार व कीर्तन यांतून आली, काही जण तंजावरच्या शहाजीराजांच्या (कार. १६८४–१७१२) मराठी नाटकांकडे बोट दाखवतात. १८४२ च्या सुमारास सांगलीत आलेल्या कानडी भागवत मंडळींच्या खेळांचा वाटा यांहून मोठा असावा. कर्नाटकातील यक्षगान या लोकनाट्यातही भागवत, म्हणजे गाणारा सूत्रधार, पद गातो आणि नट त्याचा अर्थ स्वतःच्या बोलीत वाढवतो. हे साम्य वरवरचे नाही. भाषणे कितपत उत्स्फूर्त होती, हा दुसरा वादाचा मुद्दा. भावे नटांना तयार करून घेत, तेव्हा कथेचा सांगाडा आखलेला आणि शब्द नटाचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पदांचा संग्रह भाव्यांनी १८८५ मध्ये छापला. भाषणे मात्र ज्या रात्री बोलली गेली त्याच रात्री विरली, ही हळहळ वाटावी अशी हानी आहे. तमाशातील बतावणीतही सोंगाड्याची हजरजबाबी अशीच चालते. तमाशाचे नामांकित शाहीर पठ्ठे बापूराव सांगलीच्याच मुलखातले, रेठरे हरणाक्षचे.

वर्गातील पद्धत साधी आहे. बाके भिंतीला सरकवून मुले गोलात उभी राहतात. एकापासून वीसपर्यंत अंक म्हणायचे. कोणी कधी म्हणायचे ते ठरवायचे नाही, खूण करायची नाही, आणि दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. पहिल्या फेऱ्या चार-पाचवरच मोडतात. मग पुढेपुढे करणारी मुले थांबायला शिकतात, मागे राहणारी एक अंक तरी म्हणतात. ‘आरसा’ या खेळात समोरच्याची हालचाल तंतोतंत करायची असते.

मुख्य नियम ‘हो, आणि…’ हा : समोरच्याचे म्हणणे मानायचे व त्यात भर घालायची. कृष्णाकाठच्या मुलांना पुराचा प्रसंग चटकन जमतो. एक म्हणतो, “आज्जी, पाणी पायरीला लागलंय.” दुसऱ्याने “कुठलं पाणी? मी तर मुंबईत हाय” म्हटले, की प्रसंग तिथेच मरतो. “व्हय, आन् म्हस अजून गोठ्यातच हाय” म्हटले, की सर्वांपुढे एक अडचण उभी राहते. मग कोणी दावे सोडतो, कोणी ट्रॉली आणतो, कोणी बिथरलेली म्हैस होतो. म्हैस झालेला मुलगा ट्रॉलीत चढायला तयार नसला तर उपाय बदलावा लागतो, आणि तो बदल गटातूनच सुचावा लागतो. शिक्षकाने बाहेरून “म्हशीकडे बघा” एवढे म्हणावे. उत्तर पुरवू नये.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ठरीव संवाद म्हणणाऱ्या गटाच्या तुलनेत, अवघ्या २० मिनिटांच्या अशा खेळानंतर अनेक पर्याय सुचणे व अनिश्चितता सोसणे यांत वाढ आढळली.

आपल्याकडील बालनाट्य स्पर्धा व युवा महोत्सवांतील लघुनाटिका, मूकनाट्य हे प्रकार तालमीवर उभे आहेत. त्यांच्या तयारीत हे खेळ वापरता येतात, पण खेळांना गुण देऊ नयेत. क्रमांकाची आशा लागली की मुले टाळीकडे वळतात. वर्ग पन्नासाचा असल्यास निम्म्यांनी खेळावे आणि उरलेल्यांनी कोणाचा बोल कोणी उचलला, कोणाचा खाली पडला, ते सांगावे.