वीस रुपयांची तरतरी

पानठेल्यावर एका बाजूला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं चालू असतं आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या फ्रीजमध्ये वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या रांगेत उभ्या असतात. नागपुरात कोचिंग क्लासेसच्या आसपास हे सर्रास दिसतं. पोरगं येतं, झाकण फिरवतं, दोन दमात बाटली रिकामी करून वर्गात जातं. मागचा मजकूर वाचायला कुणाला वेळ नसतो, आणि तो वाचला जावा अशा आकारात छापलेलाही नसतो. डोळे बारीक करून वाचलंत तर सापडेल: कॅफिनचं प्रमाण जास्त, मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, कॅफिन सोसत नसलेल्यांनी घेऊ नये, दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त पिऊ नये.

आपल्याकडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत फार तर ७५. इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण ५० ते ६५ आणि चहाच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं, असं आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. मग ओरड कशाची? एक तर, चहा गरम असतो, फुंकर मारत प्यावा लागतो. थंडगार गोड बाटली घशाखाली कधी उतरली ते कळतही नाही. दुसरं, मोठ्यांचं माप पोरांना लागू पडत नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा सांगितली, पण मुलांसाठी वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम. चौथीतल्या २५ किलोच्या पोराचा दिवसभराचा कोटा त्या एका बाटलीतच संपला. वर घरचा चहा आहेच.

तरतरी येते कशी, तेही पाहू. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते ठरावीक जागांवर जाऊन बसलं की झोप येऊ लागते. कॅफिनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती असल्याने ते या जागा अडवतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. अ‍ॅडेनोसिन कुठे जात नाही, उभं राहतं. रुमाल निघाला की सगळे एकदम बसतात. बाटलीचा असर ओसरल्यावर अंग गळून जातं त्याचं एक कारण हे. शिवाय कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. रात्री दहाला अभ्यासासाठी घेतलेलं निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही रक्तात फिरत असतं, आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते तर झोपेत.

राहिली साखर. कडक गोड प्रकारात १०० मिलीला ११ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाटलीत सुमारे २७ ग्रॅम, सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं म्हणते. यातून ऊर्जा मिळते ती ११० कॅलरीच्या आसपास, एका मोठ्या केळ्याइतकी. काही ब्रँडमध्ये साखर कमी असते. आणि बिनसाखरेच्या डब्यात तर ऊर्जा जवळजवळ शून्य, तरी पिणाऱ्याला हुशारी वाटतेच. तेव्हा काम कोण करतं हे उघड आहे.

या पेयांतल्या टॉरिन नावाच्या घटकाचा बोलबाला फार. १८२७ मध्ये ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं गेलं, म्हणून ते बैलांपासून काढतात अशी वदंता अजून चालते; पेयातलं टॉरिन कारखान्यात तयार होतं. आपलं शरीरही ते बनवतं. ब गटाची जीवनसत्त्वं असतात, पण कमतरता नसलेल्याला त्यांनी जादा ताकद येत नाही.

हृदयाबाबत एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत ३४ निरोगी तरुणांना तासाभरात जवळपास एक लिटर एनर्जी ड्रिंक पाजून ईसीजी काढले. हृदयाच्या खालच्या कप्प्यांना पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला लागणारा वेळ चार तासांनंतरही ६ ते ७.७ मिलिसेकंदांनी वाढलेला होता, रक्तदाबही चढला होता. चव घातलेलं, पण ते घटक नसलेलं पेय दिल्यावर असं झालं नाही. निरोगी माणसाला एवढा फरक बहुधा जाणवणारही नाही. पण जन्मजात ठोक्यांचा दोष असलेल्याला आपल्याला तो आहे हे पुष्कळदा माहीतच नसतं.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावणारी पोरं मे महिन्यात घामाने निथळून मैदानाबाहेर येतात आणि हीच बाटली तोंडाला लावतात. घामातून गेलं पाणी आणि मीठ. बाटलीतलं मीठ त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि ११ टक्के साखरेचं द्रावण पोटातून पुढे सरकायलाही वेळ घेतं. ओआरएसच्या, म्हणजे जलसंजीवनीच्या, लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. हे प्रमाण आतड्याला पाणी झटपट शोषता यावं म्हणून ठरवलेलं आहे. मीठ घातलेला मठ्ठा किंवा कैरीचं पन्हंही त्या बाटलीपेक्षा कितीतरी बरं.

शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकू देणार नाही, असं तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितलं होतं. ठेल्यावरचे फ्रीज पाहून काय समजायचं ते समजा.

दारूत मिसळून पिण्याबद्दल एवढंच: नशा तितकीच राहते, ती चढल्याचं कळत मात्र नाही.

कॅफिन खरंच उपयोगी पडेल अशी एक जागा आहे, समृद्धी महामार्गासारखा सरळसोट रस्ता. पण तिथेही बाटली पिऊन लगेच स्टिअरिंग धरण्यात अर्थ नाही, कारण असर यायला अर्धा तास लागतो. पेंग यायला लागली तर विश्रांतीच्या जागी गाडी उभी करावी, कॅफिन घ्यावं आणि सीट मागे टाकून पंधरा मिनिटं डोळे मिटावेत. चालकांवरच्या प्रयोगांत नुसत्या कॅफिनपेक्षा किंवा नुसत्या डुलकीपेक्षा ही जोडी सरस ठरली आहे. यासाठी कपभर कडक कॉफीही चालते.