बडोद्याची दफ्तरं आणि घरातली बाडं

बडोद्यात जुना मराठी कागद शोधायला निघालेला माणूस आधी सरकारी दफ्तरांकडे जातो. ते साहजिकच आहे. गायकवाडी कारभाराने हिशेब, हुकूम, इनामांचे निवाडे, पत्रव्यवहार सगळं बांधून, नोंदवून ठेवलं आणि संस्थान गेल्यावरही त्यातलं पुष्कळ टिकलं. पण ज्यांनी या शहरात मराठी वाचक घडवला, त्या संपादकांच्या, प्रचारकांच्या आणि कीर्तनकारांच्या घरचे कागद या दफ्तरांत मिळत नाहीत. ते घरात राहिले. माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात. या कागदांचं मोल कळायचं असेल तर ते कुठून आले हे आधी पाहायला हवं.

मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी १८७५ मध्ये पदच्युत केलं, त्याच वर्षी सयाजीराव दत्तक आले आणि १८८१ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. ‘शेतकऱ्याचा असूड’च्या १८८३ च्या उपोद्घातात जोतीराव फुले लिहितात की, सयाजीराव महाराजांनी सवड काढून हा ग्रंथ आपल्याकडून साद्यंत वाचून घेतला आणि लक्षपूर्वक ऐकला. विशीतला राजा आणि सत्यशोधक समाजाचा संस्थापक समोरासमोर बसले आहेत, हस्तलिखित मोठ्याने वाचलं जात आहे. बडोद्यातल्या मराठी पत्रकारितेची गोष्ट मी इथूनच सुरू करतो, कारण पुढची माणसं याच वर्तुळातली आहेत.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झाला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र काढलं, ते १८८० मध्ये मुंबईला नारायण मेघाजी लोखंड्यांकडे गेलं. लोखंड्यांच्या सोबत्यांतले रामजी संतूजी आवटे बडोद्याला आले आणि १८८५ मध्ये ‘बडोदा वत्सल’ सुरू झालं. दामोदर सावळाराम यंदे पुढे या पत्राशी जोडले गेले आणि १८९३ मध्ये त्यांनी ‘श्री सयाजी विजय’ काढलं. यंदे संपादक, छापखानेवाले, प्रकाशक आणि समाजाचे कार्यकर्ते, सगळं एकाच वेळी होते. दिवसा खिळे जुळवायचे, संध्याकाळी सभेत बोलायचं, गावोगावी फिरताना वर्गणीदारही मिळवायचे. वर्गणीदारांची यादी आणि समाजाच्या सभासदांची यादी त्यामुळे पुष्कळदा एकच असायची. अशा माणसाच्या घरातल्या कागदांना ‘पत्रकारिता’ म्हणायचं की ‘प्रचार’? माझ्या मते हा प्रश्न विचारला की अर्धे कागद बाहेर फेकायची तयारी झालीच.

प्रार्थना समाजातही हेच दिसतं. विठ्ठल रामजी शिंदे सयाजीरावांच्या साहाय्याने शिकले आणि १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्राचा अभ्यास करून आले. तिकडून त्यांनी पाठवलेली प्रवासपत्रं समाजाच्या ‘सुबोध पत्रिके’त छापून येत. परतल्यावर ते समाजाचे प्रचारक झाले आणि १८ ऑक्टोबर १९०६ ला त्यांनी अस्पृश्यवर्गासाठी मिशन काढलं, त्यात त्यांचे आईवडील आणि बहीण जनाक्काही राबल्या. मार्च १९१८ मध्ये मुंबईत झालेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्ष होते सयाजीराव. प्रवचन, वार्तापत्र, परिषद आणि घरसंसार असं सगळं एका घरात चाललेलं होतं. शिंद्यांची रोजनिशी जपली गेली, गो. मा. पवारांनी ती संपादित केली आणि त्याच पवारांनी लिहिलेल्या शिंद्यांच्या चरित्राला २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आधी वही राहिली, मग चरित्र झालं.

आणखी एक घर सांगतो. ते बडोद्याचं नाही, पण त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नारायण वामन टिळक ख्रिस्ती प्रचारक, कवी आणि ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक. कीर्तनाच्या चौकटीत ख्रिस्तकथा सांगणारे. १९१९ मध्ये ते गेले, अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. मुलगा देवदत्त संपादक झाला आणि लक्ष्मीबाईंच्या आठवणी त्याच्याच ‘संजीवनी’त क्रमशः आल्या. नातू अशोक टिळकांनी घरातले कागद हाताशी धरून याच आठवणींच्या पुस्तकाची, ‘स्मृतिचित्रे’ची, टीपांसह संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्यांनी कागद सांभाळले नसते, तर त्या पुस्तकातल्या कितीतरी माणसांची आणि प्रसंगांची ओळख आज आपल्याला पटली नसती.

कीर्तनकारांच्या घरचे कागद आणखी दुर्लक्षित. पत्रकार झालो नसतो तर कीर्तनकार झालो असतो, असं लोकमान्य म्हणाल्याचं कीर्तनकार मंडळी अजून अभिमानाने सांगतात, आणि या दोन पेशांचं नातं खरोखरच जवळचं आहे. नारदीय कीर्तनाची वही उघडली की आधी पूर्वरंगाचा अभंग, त्याखाली निरूपणाचे मुद्दे आणि पाठांतराचे श्लोक. मग नामाचा गजर. पुढे उत्तररंगाचं आख्यान, त्यात साकी, दिंडी, आर्या, कटाव कुठे घ्यायचा त्याच्या खुणा. समासात तिथी, गाव, मंदिर आणि मिळालेली बिदागी. दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात मी पाहिलेल्या वहीत सुदाम्याच्या आख्यानाशेजारी दुष्काळाच्या बातमीचं कात्रण खळीने चिकटवलेलं होतं. बाजूला मोडीत दोन ओळी: सुदाम्याच्या घरातलं दारिद्र्य सांगून झालं की हे वाचावं. खळीने कागद तपकिरी पडला होता, पण शाई स्वच्छ होती.

हे कात्रण वहीतून सोडवून ‘वृत्तपत्र कात्रणं’ असा शिक्का मारलेल्या फाइलीत गेलं, तर ते कुठल्याही दुष्काळाचं एक कात्रण होईल. वहीत आहे तोवर ते सांगतं की बातमी न वाचणाऱ्या बायाबापड्यांपर्यंत ती कशी पोचली, कुठल्या गावात आणि कुठल्या तिथीला. म्हणून माझं म्हणणं असं की घराण्याचं बाड फोडू नये. धर्म एका कपाटात, पत्रकारिता दुसऱ्यात, घरगुती पत्रं रद्दीत, ही वाटणी या माणसांच्या आयुष्यात नव्हती.

असं असूनही हे कागद बाहेर का राहिले? बडोद्याला जपणुकीची दृष्टी नव्हती असं तर अजिबात नाही. १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून सयाजीरावांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभारलं, गावोगाव वाचनालयं आणि फिरती पुस्तकं नेली. संस्कृत पोथ्या मिळवल्या, त्यांतून ग्रंथमाला निघाली, प्राच्यविद्या संस्था झाली. १९१५ मध्ये तर पुरोहितांना परीक्षा सक्तीची करणारा कायदा झाला. पण पोथी, ग्रंथ आणि सरकारी कागद यांनाच तेव्हा जपण्याजोगं मानलं जाई. राजवाडे, पारसनीस, आणि बडोद्यात नोकरीला असलेले सरदेसाई या इतिहासकारांनी कागदांसाठी जिवाचं रान केलं, पण त्यांचा शोध मुख्यतः पेशवाईच्या राजकारणाचा होता. परवाच्या संपादकाचा वर्गणीदारांशी झालेला तंटा कोणाला इतिहास वाटणार?

मग १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० मध्ये बडोदं गुजरातेत राहिलं. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलनं भरवणाऱ्या शहरात चौथं भरायला २०१८ उजाडलं. घरातली मुलं गुजराती आणि इंग्रजी शाळांत गेली, मोडी वाचणारं कोणी उरलं नाही, वाडे पाडून सदनिका झाल्या. न वाचता येणारा कागद आधी जातो.

आता कोणाच्या घरात असं बाड असेल तर करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. ज्या क्रमाने बांधलं आहे तो क्रम मोडू नये. सोडण्याआधी फोटो काढावेत, गठ्ठ्यावरची जुनी चिठ्ठीसुद्धा. सेलोटेप आणि स्टेपल लावू नयेत, दोऱ्याने सैल बांधावं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून कोणाचं हस्ताक्षर कोणतं ते वेगळ्या कागदावर लिहावं, कारण ही माहिती कुठल्याही ग्रंथालयात मिळत नाही. आणि संस्थेला देताना देणगीपत्रात एक ओळ जरूर घालावी: हा संग्रह एकत्र ठेवावा.