लोणार : उल्केच्या आधीचं गाव

लोणारला पोचलं की गाइड पहिल्याच वाक्यात उल्का पाडतो. मग पावणेदोन किलोमीटर व्यास, दीडेकशे मीटर खोली, बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, उल्केच्या आघाताने पडलेलं दुर्मीळ विवर, अशी आकड्यांची सरबत्ती. ते सगळं खरंच आहे. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाला उल्का मिळून पुरती पन्नास-पंचावन्न वर्षं झाली. त्याआधी हे गाव जगलं ते खारावर आणि धारेवर.

नावातच मीठ आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहायचा. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेऊन पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, अशी कथा. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात आत अंधार असतो. मोबाइलचा टॉर्च छताकडे धरला की हाच वध कोरलेला दिसतो. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम तर मान दुखेपर्यंत बघावं. आपल्याकडे दगडी देऊळ दिसलं की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळं व्हायची सवय. इथला तारकाकृती तळ पाहिल्यावर ते लेबल तोकडं वाटतं.

दैत्य पुराणातला, पण मिठाला सरकारदरबारी नोंद आहे. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त मेहकर सरकारात (म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यात) या जागेचा उल्लेख येतो. ब्राह्मण हिला विष्णुगया म्हणतात, इथे काच आणि साबणासाठी लागणारा माल निघतो, सोऱ्यावरच्या करातून चांगला महसूल येतो, असं या ग्रंथाचा लेखक, अकबराचा दरबारी अबुल फजल लिहितो. तीर्थ आणि जकात एकाच परिच्छेदात! हा माल यायचा विवराच्या तळाशी असलेल्या खाऱ्या तळ्यातून. त्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर क्षार उरायचा, तो गोळा व्हायचा, विकला जायचा.

आणि याच खाऱ्या तळ्याच्या कडेला गोडं पाणी. विवराच्या ओठावर गोमुखातून बारमाही धार पडते. यात्रेकरू आधी तिच्याखाली उभे राहतात, मग तळ्याकडे बघतात. खाली कमळजा देवीच्या देवळापाशी ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, असं सांगतात. कोणती बाजू सासूची, हे विचारू नये.

१८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने तळ्याची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचं तोंड मानलं जात होतं. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या विवराशी त्याचं साम्य दाखवलं, पण उल्केचा पुरावा हाती आला तो १९७३ च्या सुमारास. तळात छिद्रं पाडून काढलेल्या खडकात, फक्त प्रचंड आघाताने तयार होणारी काच सापडली. वयाचा वाद अजून आहे: एक पद्धत ५० हजार वर्षं म्हणते, दुसरी साडेपाच लाखांच्या पुढे जाते.

जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं आणि लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या देशाने त्याचे फोटो पाहिले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, मिठात रमणारे सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संस्थेने त्यांची ओळख पटवली. त्याच वर्षी तळ्याला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ज्याच्यावर मोगल कर घ्यायचे, तोच हा खार.