5 × 3 आणि 5³ : वरच्या तीनचं काम वेगळं आहे

गुणाकार सगळ्यांना येतो, त्यावर वेळ घालवत नाही. 5 × 3 म्हणजे तीन पाचांची बेरीज, 15. जागा बदला, 3 × 5, तरी 15च. घातांक शिकताना मुलांना आडवी येते ती नेमकी हीच सवय.

सांगलीत सातवी-आठवीच्या मुलांना शिकवताना 5³ = 15 हे उत्तर मला दरवर्षी भेटतं, आणि तेही पाढे पाठ असलेल्या मुलांच्या वहीत. दोन आकडे शेजारी दिसले की त्यांचा गुणाकार करायचा, एवढंच त्यांनी धरलेलं असतं. पण हे दोन आकडे एका पंगतीतले नाहीत. खालचा 5 हा पाया. गुणाकार होतो तो फक्त त्याचा. वरचा 3, म्हणजे घातांक, गुणाकारात उतरतच नाही. पाया किती वेळा मांडायचा एवढंच तो सांगतो. 5 × 5 × 5, उत्तर 125. आता जागा बदलून बघा. 3⁵ म्हणजे पाच तीनांचा गुणाकार, 243.

उसाची शेती असलेल्या घरातल्या मुलांना मी हे बेण्यावर, म्हणजे लावायला ठेवलेल्या उसावर, समजावते. समजा, एका गुंठ्याच्या बेण्यात दहा गुंठे लागण, म्हणजे लागवड, होते. तो सगळा ऊस पुन्हा बेण्यालाच ठेवला तर पुढच्या लागणीला शंभर गुंठे, आणि तिसऱ्या लागणीला हजार. हे 10³. आणि 10 × 3 म्हणजे 30 गुंठे, पाऊण एकर. हजार गुंठे म्हणजे पंचवीस एकर! वाळवा तालुक्यातल्या एका मुलीने हे ऐकून वहीतले 30 खोडले आणि विचारलं, "मॅडम, मग तीन कुठं गेला?" हा प्रश्न आला की मला हायसं वाटतं. तीनने लागणी मोजल्या, रानात तो उगवला नाही. आणि एकही लागण झाली नव्हती तेव्हा? हातात तो पहिला गुंठा होताच. म्हणून 10⁰ = 1, शून्य नव्हे.

शिकवणाऱ्यांना कळकळीने सांगते, पहिलं उदाहरण 2² चं कधीही देऊ नका. 2 + 2, 2 × 2 आणि 2², तिन्हींचं उत्तर 4. मुलाने चुकीचं धरलं तरी उत्तर बरोबर येतं आणि चूक पक्की होते. 2⁴ आणि 4² ही जोडीही टाळा, दोन्ही 16. "5 ला 5 ने तीन वेळा गुणा" हे वाक्य तर बंदच करा. तसं केलं तर 625 येतात. तीन पाचांच्या मध्ये गुणिलेची चिन्हं दोनच असतात. "तीन वेळा गुणा" म्हणायचंच असेल, तर गुंठ्यासारखी सुरुवात 1 पासून करा.

वर्ग, घन ही नावं आपोआप तोंडात बसतात. −3² म्हणजे −9 आणि (−3)² म्हणजे 9 हा कंसाचा फरक मूळ कल्पना पक्की झाल्यावर घ्या. मात्र घातांक वर आणि लहान लिहायची सवय पहिल्याच दिवशी लावा. ओळीत लिहिलेला तीन दुसऱ्या दिवशी मुलाला स्वतःलाच 53 वाचायला लावतो.